पायांवरचे पांघरूण उचलून धरणारी चौकट : जुळणी आणि जपणूक

नागपूर म्हटले की बाहेरच्या माणसाला उन्हाळा आठवतो, संत्री आठवतात. येथील हिवाळ्याची धार मात्र येथे राहणाऱ्यालाच ठाऊक असते. २९ डिसेंबर २०१८ रोजी शहराचे किमान तापमान ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते. अशा रात्री घरोघरी पेट्यांतून आणि कपाटांतून कापसाच्या रजया, गोधड्या व लोकरी ब्लँकेटे बाहेर पडतात. चांगली भरलेली कापसाची रजई सहज दोन-तीन किलो वजनाची असते. धडधाकट मनुष्याला हे वजन म्हणजे ऊब वाटते. परंतु आपल्या धर्मग्रामात, आपल्याच नात्यागोत्यात अशीही माणसे आहेत की ज्यांच्या पायांना त्या रजईचा, क्वचित साध्या चादरीचाही स्पर्श सोसवत नाही. आणि त्याहून अधिक काळजी करावी अशी माणसे म्हणजे ज्यांना तो स्पर्श कळतच नाही. या दोघांनाही उपयोगी पडणारे एक साधे साधन आहे. इस्पितळातील परिचारिका त्याला ‘बेड क्रेडल’ म्हणतात. पलंगाच्या पायथ्याशी बसवलेली ही एक हलकी चौकट असते. पांघरूण तिच्यावर पसरले की पायांवर तंबूसारखी पोकळी तयार होते आणि कापडाचा भार पायांवर न येता चौकटीवर येतो. एवढेच तिचे काम. मात्र ती कशी जुळवावी, किती उंच ठेवावी आणि कोणापासून दूर ठेवावी, हे सांगणारे मराठीत फारसे कोणी भेटत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

माझी आई अनेक वर्षे मधुमेहाची रुग्ण होती. रात्री तिच्या तळपायांची आग होई. पांघरूण घातले की ती लाथाडून देई. पहाटे पाहावे तर पाय बर्फासारखे गार. एका डिसेंबरात घरी आलेल्या नातलगाने मायेपोटी तिच्या पायांशी गरम पाण्याची रबरी पिशवी ठेवली. सकाळी उजव्या अंगठ्याच्या बाजूस रुपयाएवढा फोड होता. तिला रात्री काहीही जाणवले नव्हते. तो फोड भरून यायला अडीच महिने लागले आणि त्या अडीच महिन्यांत ‘बोट काढावे लागेल का’ हा प्रश्न घरात दोनदा निघाला. जे पाय आगीने रात्रभर झोपू देत नाहीत, तेच पाय बाहेरचा खरा चटका ओळखू शकत नाहीत, ही गोष्ट मला तेव्हा कोणी समजावून सांगितली असती तर बरे झाले असते.

कारण असे की, पायांच्या बोटांपर्यंत पोहोचणारे मज्जातंतू हे शरीरातील सर्वांत लांब मज्जातंतू होत. रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की हानी प्रथम त्यांच्या टोकांना होते. बिघडलेला तंतू दोन प्रकारे वागतो. कधी तो काहीही कारण नसताना वेदनेचा निरोप पाठवितो. मग चादरीचा अलगद स्पर्शही सुया टोचल्यासारखा किंवा विस्तव ठेवल्यासारखा वाटतो. कधी तो निरोप पाठविणेच सोडून देतो. मग काटा, खडा, चटका, घट्ट बुटाचा चावा, काहीच कळत नाही. एकाच पायात या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात. म्हणूनच पायांची आग होणाऱ्या रुग्णाला ‘तुला तर सगळे जाणवते आहे’ असे समजून वागविणे ही मोठी चूक ठरते. पायाला संवेदना कितपत आहे हे डॉक्टर नायलॉनच्या एका बारीक तंतूने तळपायाला स्पर्श करून दोन मिनिटांत तपासू शकतात. मधुमेही व्यक्तीने ही तपासणी वर्षातून निदान एकदा करून घ्यावी आणि डॉक्टरांनी आपणहून विषय काढला नाही तर तो आपण काढावा.

बधिर पायाचे हे शास्त्र आपल्या भागाला अगदीच नवे नाही. वर्ध्याजवळील दत्तपूर येथे मनोहरजी दिवाण यांनी १९३६ साली कुष्ठरुग्णांची सेवा सुरू केली. बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याचे आनंदवन त्यातून उभे राहिले. कुष्ठरोगात बोटे ‘झडतात’ असा समज तेव्हा सर्वत्र होता आणि आजही पूर्ण गेलेला नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये १९४६ साली आलेले शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड यांनी तो समज खोडून काढला. मांस आपोआप कुजत नाही. वेदना नाहीशी झाल्यामुळे रुग्ण स्वतःच्या हातापायांना नकळत इजा करीत राहतो, आणि लहान इजांचीच पुढे मोठी हानी होते, हे त्यांनी दाखवून दिले. काही रुग्णांची बोटे रात्रीतून लहान होत, याचा शोध घेतला तेव्हा झोपेत उंदीर ती कुरतडत असल्याचे आढळले. रुग्णाला जाग येत नसे, कारण दुखतच नसे. यावर उपाय म्हणून रुग्णांना मांजरे पाळण्यास देण्यात आली. डॉ. ब्रँड १९६० च्या दशकात अमेरिकेतील कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले आणि तेथे त्यांना दिसले की मधुमेही रुग्णांच्या पायांची कथा वेगळी नाही. कुष्ठरोग्यांच्या पायांनी शिकविलेला धडा मधुमेहींच्या उपयोगी पडला. उंदरांचा हा उल्लेख वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे मच्छरदाणीच्या वेळी त्याचे काम पडणार आहे.

बेड क्रेडल केवळ मधुमेह्यांसाठी नाही. गाउट नावाच्या संधिवातात अंगठ्याचा सांधा असा सुजतो की रुग्ण पंखा लावू देतो, पण चादर टाकू देत नाही. भाजलेल्या पायाला, त्वचारोपण केलेल्या जागेला, पायावरील जखमेला कापड चिकटू नये म्हणून ही चौकट लागते. हाड मोडून घातलेले प्लास्टर ऑफ पॅरिसचे प्लास्टर पूर्ण सुकायला एक ते तीन दिवस लागतात. त्या काळात ते झाकून ठेवायचे नसते, आणि हिवाळ्यात तर बाकीचे अंग झाकणे आवश्यक असते. अर्धांगवायू झालेल्या किंवा दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीच्या बाबतीत कारण आणखी निराळे आहे. मनुष्य उताणा झोपला की त्याची पावले वरच्या दिशेने उभी राहतात. आपण चादर आणि ब्लँकेट पायथ्याशी गादीखाली घट्ट खोचले तर तो ताण पावलांना रात्रभर खाली दाबत राहतो. आपण झोपेत पाय हलवून त्यातून सुटतो. लुळा पाय सुटू शकत नाही. काही आठवड्यांत पोटरीचे स्नायू आखडतात, पाऊल खाली झुकलेलेच राहते आणि पुढे अंगात बळ आले तरी चालणे कठीण होते. बिछाना नेटका दिसावा म्हणून पायथ्याशी चादर ताणून खोचण्याची आपली सवय आजाऱ्याच्या बाबतीत सोडून द्यावी. नेटकेपणा पाहुण्यांसाठी असतो.

येथे एक सावधगिरी. रात्री झोपल्यावर पाय दुखतो आणि तो पलंगाखाली लोंबता ठेवला की बरे वाटते, असे कोणी सांगत असेल तर ते पांघरुणाचे दुखणे नसण्याची शक्यता मोठी आहे. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याचे ते लक्षण असू शकते. तेथे चौकट शोधत बसू नये, डॉक्टरांकडे जावे.

जुळणी

ही चौकट शस्त्रक्रियेच्या व रुग्णोपयोगी साहित्याच्या दुकानांत मिळते. नागपुरात मेडिकल चौक, धंतोली, रामदासपेठ या रुग्णालयांच्या परिसरांत अशी दुकाने आहेत. तयार नसली तर मागवून देतात. मी प्रथम गेलो तेव्हा ‘क्रेडल द्या’ एवढेच म्हणालो आणि दुकानदाराने तान्ह्या बाळाच्या पाळण्याचे चित्र पुढे केले. तेव्हा ‘पायांवरचे पांघरूण वर धरायची चौकट’ असे सविस्तर सांगितलेले बरे. बाजारातील चौकटींचे मुख्यतः दोन प्रकार दिसतात. एक नुसती लोखंडी कमानींची, बोगद्यासारखी, गादीवरच ठेवायची. तिची उंची बदलता येत नाही. दुसरी सुट्या भागांची, उंची कमी-जास्त करता येणारी. घरासाठी दुसरी अधिक सोयीची, आणि जुळणीचा प्रश्न तिच्याच बाबतीत येतो.

या चौकटीचे भाग तीन. पहिला तळभाग, जो गादीखाली सरकवायचा असतो. दुसरा भाग म्हणजे दोन उभे दांडे. प्रत्येक दांडा एका नळीत दुसरी नळी सरकणारा असून त्याला ओळीने छिद्रे आणि स्प्रिंगचे बटन, किंवा हाताने पिळायचा स्क्रू असतो. तिसरा वरचा भाग, म्हणजे पायांवरून पुढे येणारी आडवी कमान, जिच्यावर पांघरूण टेकते. खोक्यातून काढल्यावर सर्व भाग जमिनीवर चादरीवर मांडावेत, बटने व स्क्रू मोजून वाटीत ठेवावेत आणि प्रत्येक नळीच्या टोकावरून बोट फिरवून पाहावे. कापलेल्या धातूची कड बोटाला खरखरीत लागली तर बारीक कानशीने किंवा पॉलिश पेपरने घासावी. उघड्या टोकांना रबरी किंवा प्लास्टिकच्या टोप्या नसतील तर त्या बसविल्यावाचून चौकट बिछान्यावर नेऊ नये. आपल्याला साधा ओरखडा वाटतो, पण बधिर पायाला तो कळणारही नाही आणि चार दिवसांनी त्यातून पू येऊ लागेल.

त्यानंतर माप. येथेच बहुतेक घरांत चूक होते, आमच्याही घरी झाली. आजारी व्यक्तीला उताणे झोपवून गादीच्या पृष्ठभागापासून अंगठ्याच्या टोकापर्यंतची उंची मोजावी. प्रौढ माणसात ती साधारण २० ते २५ सेंटिमीटर भरते. तिच्यावर १० ते १२ सेंटिमीटर मोकळी जागा हवी, कारण झोपेत पाय हलतात आणि कापडाला मध्यभागी झोळ येतो. आता लक्षात घ्यायचे ते गादीचे. तळभाग गादीखाली जात असल्यामुळे दांड्याची काही उंची गादीच्या जाडीतच खर्ची पडते. उदाहरणार्थ, गादी १० सेंटिमीटर, पाऊल २२ सेंटिमीटर आणि मोकळी जागा १२ सेंटिमीटर, म्हणजे दांडा ४४ सेंटिमीटरवर लावावा लागेल. मी गादीची जाडी धरलीच नव्हती. परिणामी आईच्या अंगठ्यांवर कमान जवळजवळ टेकली होती, आणि पांघरुणाच्या जागी आता लोखंड आले होते. कापसाची गादी वापरून बसते व फोमची गादी वजनाने दबते, म्हणून माप व्यक्ती गादीवर झोपलेली असतानाच घ्यावे, रिकाम्या गादीवर घेऊ नये.

माप घेतल्यावर मात्र रुग्णाला पलंगावरून उठवून खुर्चीत बसवावे, किंवा उठता येत नसेल तर एका कुशीवर वळवून दुसऱ्या व्यक्तीला जवळ उभे करावे, आणि मगच चौकट बसवावी. पायांवर अधांतरी धरून जोडाजोड करू नये. हातातून निसटलेला दांडा नेमका नडगीवर पडतो. तळभागाच्या पुढे आलेल्या दोन दांड्या गादीखाली, पण गादीच्या दोन्ही कडांलगत असाव्यात. त्या पायांच्या खाली आल्या तर पातळ गादीतून पोटरीला रुतत राहतात. उभे दांडे बसविताना बटन छिद्रातून पूर्ण बाहेर आल्याचा ‘टक’ असा आवाज येतो. तो ऐकावा आणि त्यावर विसंबून न राहता दांडा वर ओढून व खाली दाबून पाहावा. दोन्ही बाजूंची छिद्रे खालून मोजावीत. डावीकडे तिसरे तर उजवीकडेही तिसरेच. एक छिद्र इकडेतिकडे झाले तर कमान तिरपी बसते, रजई एका बाजूला घसरते आणि तिच्या ओढीने अर्धवट अडकलेले बटन मध्यरात्री सुटते. आमच्याकडे दुसऱ्याच रात्री हा प्रकार घडला. आई दचकून उठली, इजा झाली नाही, पण पुढचे चार दिवस तिने ‘तो सांगाडा’ पलंगाजवळ येऊ दिला नाही. शेवटी वरची कमान बसवून, स्क्रू असल्यास हाताने घट्ट पिळून, कमानीवर उशी ठेवून पाहावे. उशीच्या वजनाने चौकट डुलली नाही तर रजईच्याही वजनाने सहसा डुलणार नाही.

आपल्याकडचे पलंग या परदेशी घडणीच्या चौकटीसाठी बनविलेले नसतात, ही एक अडचण असतेच. पायथ्याशी लाकडी फळी असलेल्या दिवाणावर गादी आणि फळी यांच्यामध्ये दांडा जाईल एवढी फट हवी. ती नसेल तर गादी उशाकडे थोडी सरकवावी किंवा बाजूने बसणारी चौकट घ्यावी. सुतळीच्या वा नवारीच्या बाजेवर तळभाग टेकायला सपाट जागाच नसते, त्यामुळे चौकट डुगडुगते. तेथे गादीखाली पायथ्याच्या भागापुरती प्लायवूडची फळी टाकावी आणि चौकटीचा तळ बाजेच्या आडव्या लाकडाला सुतळीने बांधून टाकावा. जमिनीवर अंथरूण असेल तर तळभाग गादीखाली जातो खरा, पण ये-जा करणाऱ्याचा पाय दांड्यात अडकतो; चौकटीला पांढरे कापड गुंडाळले तर अंधारात ती दिसते.

ज्यांना तयार चौकट परवडत नाही किंवा ज्यांची गरज थोड्याच दिवसांची आहे, त्यांच्यासाठी पहिल्या रात्रीचा उपाय म्हणजे पुठ्ठ्याचे मजबूत खोके. समोरासमोरच्या दोन बाजू कापून त्याचा बोगदा करावा आणि पाय आत राहतील असा ठेवावा. कडांना कापड चिकटवावे. हलक्या ब्लँकेटला ते पुरेसे आहे; रजईखाली मात्र ते बसते. टिकाऊ चौकट घरी करायची झाल्यास एक इंची पीव्हीसी पाइप वापरावा. इतवारीतील लोहा ओळीपासून मोहल्ल्यातील हार्डवेअरच्या दुकानापर्यंत कोठेही तो मिळतो. ९० सेंटिमीटर रुंदीच्या पलंगासाठी मी जो हिशेब वापरला तो असा : गादीखाली जाणाऱ्या ६० सेंटिमीटरच्या दोन दांड्या, ४५ सेंटिमीटरचे दोन उभे दांडे, पायांवरून पुढे येणारे ४० सेंटिमीटरचे दोन हात, आणि दोन्ही बाजूंना जोडणारे ७५ सेंटिमीटरचे तीन आडवे दांडे. यांतील एक आडवा दांडा खाली पायथ्याशी, एक वर पायथ्याशी आणि एक हातांच्या टोकाला. सर्व मिळून सुमारे सव्वापाच मीटर पाइप लागतो. कोपऱ्यांसाठी सहा एल्बो, मध्ये जोडण्यासाठी चार टी आणि खालच्या दांड्यांच्या उघड्या टोकांसाठी दोन टोप्या घ्याव्यात. टी बसवताना दांडी कापून दोन तुकडे करावे लागतात, हे ध्यानात ठेवावे. बाकीचे सांधे सोल्युशनने चिकटवावेत, पण उभ्या दांड्यांचे वरचे व खालचे सांधे चिकटवू नयेत. तेथे एकेक छोटा स्क्रू बाहेरील बाजूने लावावा. ४० आणि ५० सेंटिमीटरच्या दांड्यांची आणखी एकेक जोडी कापून ठेवली की गादी बदलली किंवा रुग्ण बदलला तरी उंची बदलता येते. सोल्युशनचा वास पूर्ण जाईपर्यंत, निदान एक दिवस, चौकट गच्चीवर ठेवावी.

चौकट लोखंडाची असो वा पाइपची, पायाला लागू शकेल असा तिचा प्रत्येक भाग मऊ करून घ्यावा. फ्रिज किंवा एसीच्या नळीवर चढवितात ती काळ्या फोमची नळी लांबीत चिरून दांड्यावर चढविली की काम होते. जुन्या सुती लुगड्याच्या पट्ट्या गुंडाळून शिवल्या तरी चालते, आणि त्या धुता येतात हा अधिकचा लाभ.

पांघरूण आणि थंडी

चौकट नीट बसली म्हणजे काम संपले असे समजू नये. पांघरूण उचलले गेले की ते अपुरे पडू लागते. चाळीस-पंचेचाळीस सेंटिमीटर वर चढून पुन्हा खाली उतरायचे म्हणजे रजईची तेवढी लांबी पायथ्याशीच खर्च होते आणि रुग्णाचे खांदे उघडे पडतात. लांब रजई नसेल तर दोन पांघरुणे घ्यावीत. एक छातीपासून गुडघ्यापर्यंत अंगालगत, दुसरे गुडघ्यांपासून चौकटीवरून पायथ्यापर्यंत, आणि दोहोंचा एकमेकांवर हातभर चढाव. चौकटीवरचे पांघरूण पायथ्याशी आणि बाजूंनी सैल सोडावे, फार तर हलकेच आत सारावे. ताणून खोचले की चौकट पुढे झुकते.

दुसरी गोष्ट अशी की, अंगाला टेकलेले कापड ऊब धरून ठेवते; पोकळीतील हवा तशी धरीत नाही. चौकटीखालचे पाय थोडे गारच राहतात. त्यासाठी सैल, शिवणीची जाड कड नसलेले सुती किंवा मऊ लोकरीचे मोजे घालावेत. घोट्यावर वळ उमटविणारे घट्ट इलॅस्टिक नको. मोज्यांचाही स्पर्श सोसत नसेल तर खोली ऊबदार ठेवावी, दाराखालच्या फटी बंद कराव्यात. परंतु त्या पोकळीत गरम पाण्याची पिशवी, तापविलेली वीट, हीटर किंवा विजेचा दिवा यांपैकी काहीही ठेवू नये. पूर्वी काही रुग्णालयांत चौकटीच्या आत विजेचे दिवे बसवून ऊब देण्याची पद्धत होती. ती जाणकार देखरेखीखालची गोष्ट होती. घरी तिचे अनुकरण म्हणजे बधिर पाय आणि कापूस यांच्यामध्ये विस्तव ठेवणे. शेगडी पलंगाखाली ठेवण्याची खेड्यांतील रीतही येथे वर्ज्य समजावी.

आता मच्छरदाणी. पायथ्याशी सैल सोडलेल्या पांघरुणातून डासांना मोकळी वाट मिळते, आणि उंदरांनाही. वर डॉ. ब्रँड यांचा अनुभव सांगितला तो केवळ इतिहास म्हणून नव्हे. जुन्या घरांत, धान्याची पोती असलेल्या खोलीत, बधिर पाय उघडे ठेवून झोपणाऱ्याला आजही हा धोका आहे. मच्छरदाणी चौकटीच्या बाहेरून घेऊन गादीखाली चहूबाजूंनी खोचावी. ती दांड्यांच्या टोकांना अडकून फाटत नाही ना, हे आधी पाहावे. उन्हाळ्यात रजई नसते, पण कूलरची गार हवा थेट तळपायांवर येते म्हणून लोक पातळ चादर घेतातच. ज्यांच्या पायांची आग होते त्यांना ती चादरही चौकटीवर घातलेली सुखावह वाटते.

चौकटीकडून जी अपेक्षा करू नये तीही सांगितली पाहिजे. ती टाचेला काहीही मदत करीत नाही. टाचेवरचा दाब खालून, गादीकडून येतो आणि शय्याव्रण तेथे फार लवकर होतो. त्यासाठी पोटरीखाली लांबट मऊ उशी अशी ठेवावी की टाच गादीपासून अधांतरी राहील. उशी टाचेखाली मात्र ठेवू नये. नवखी माणसे नेमके तेच करतात. उशी ठेवली की पाऊल काही सेंटिमीटर वर येते, म्हणजे चौकटीचे माप पुन्हा घ्यावे लागते. तसेच ही चौकट धरून उठण्याची दांडी नव्हे. तिला धरून ओढले तर ती निखळते आणि माणूस पडतो. रात्री लघवीसाठी उठणाऱ्या व्यक्तीला दिवसा दोन-चार वेळा सराव द्यावा : प्रथम गुडघे वाकवून पाय चौकटीतून मागे घ्यायचे, मग कुशीवर वळायचे, मग पाय खाली सोडायचे. ज्यांना रात्री भ्रम होतो, जे अंथरुणात धडपडतात किंवा ज्यांना आपण कोठे आहोत याचे भान राहत नाही, अशांच्या पलंगावर चौकट ठेवायची असेल तर जवळ कोणी झोपले पाहिजे. ते शक्य नसेल तर न ठेवलेली बरी. कुशीवरच झोपण्याची सवय असलेल्याला रुंद चौकट लागते, आणि ती गुडघ्यांपर्यंत न नेता नडगीच्या मध्यापर्यंतच असावी, नाहीतर वळताना गुडघा अडतो.

सकाळी पांघरूण काढल्यावर चांगल्या उजेडात दोन्ही पाय पाहावेत. बोटांच्या फटी, अंगठ्याची बाहेरची कड, टाचा, घोट्याची हाडे. लाल डाग बोटाने दाबून सोडल्यावर पांढरा पडून पुन्हा भरत नसेल, नवा फोड असेल, एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागत असेल तर डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवावे, आठवडाभर हळद लावून वाट पाहू नये. ज्यांची दृष्टी मंदावली आहे त्यांचे पाय घरातील दुसऱ्या कोणी पाहावेत. आजारी व्यक्तींना भेटावयास जाणाऱ्या आपल्या मंडळींनीही ‘पाय बघू का?’ असे विचारण्यास संकोच करू नये. बहुतेक वृद्ध प्रथम नाही म्हणतात आणि दुसऱ्या भेटीत स्वतःच पाय पुढे करतात. पाय पाहून झाले की चौकटीची बटने दाबून पाहावीत, कापडी पट्टी सुटली असल्यास टाचावी. आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्याने चौकट पुसून लगेच कोरडी करावी. लोखंडी चौकटीला छिद्रांपाशी प्रथम गंज धरतो आणि गंजलेले बटन अर्ध्यावरच अडकते.

आईच्या निधनानंतर आमची चौकट तीन घरी जाऊन आली. पहिल्या घरून ती परत आली तेव्हा एक स्क्रू नव्हता आणि त्या एका स्क्रूसाठी मला शहरात दोन दिवस हिंडावे लागले. तेव्हापासून सर्व स्क्रू एका कापडी पिशवीत घालून ती पिशवी तळभागालाच बांधलेली असते, आणि पिशवीत एक चिठ्ठी असते : गादीची जाडी अधिक पावलाची उंची अधिक चार बोटे आणि एक बोट. ही चार बोटे आणि एक बोट म्हणजे दहा सेंटिमीटर, हे मात्र प्रत्येक घरी तोंडी सांगावे लागते.